केळीच्या पानावरचा करपा (सिगाटोका): गोव्यातल्या बागायतदारांचे नेहमीचे प्रश्न

जून संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर केळीच्या पानांचे फोटो यायला लागतात, पिवळे ठिपके, तपकिरी रेघा, अर्धी जळलेली पानं, आणि खाली एकच ओळ, "काय मारू?" आमचं स्वतःचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, फोंडा तालुक्यात आहे, केळी लहानपणापासून बघतोय, आणि ह्या करप्याने आमचेही घड खाल्लेत. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करण्यापेक्षा नेहमी येणारे प्रश्न एकदाच सविस्तर लिहून काढतोय.

हा करपा म्हणजे नक्की काय? पावसात केळीची पानं तशीही सुकतातच ना?

खालची म्हातारी पानं सुकतात ते बरोबर, ते नैसर्गिक आहे. पण करपा हा बुरशीचा रोग आहे, त्याला सिगाटोका म्हणतात, फिजी बेटांवर सिगाटोका नावाची नदी आणि तिचं खोरं आहे तिथे 1912 च्या सुमारास ह्याने केळीची वाट लावली म्हणून ते नाव पडलं. त्याच्या आधी 1902 मध्ये जावा बेटावर त्याची पहिली नोंद झाली होती. पिवळा सिगाटोका, काळा सिगाटोका आणि युम्युसी असे ह्याचे तीन जवळचे भाऊ आहेत, तिन्ही स्युडोसर्कोस्पोरा ह्या एकाच घराण्यातल्या बुरशा. दक्षिण भारतात युम्युसीसुद्धा सापडलाय. नुसत्या डोळ्यांनी बागेत उभं राहून कुठला कुठला हे सांगता येत नाही, मायक्रोस्कोप लागतो, पण आपल्याला करायचं ते काम तिघांसाठी जवळपास सारखंच आहे त्यामुळे त्यावर डोकं शिणवू नका.

बुरशीला दोनच गोष्टी लागतात, पानावर बराच वेळ टिकणारा ओलावा आणि 25 ते 28 डिग्रीच्या आसपासची ऊब. आता सांगा, गोव्यात जून ते सप्टेंबर ह्यापेक्षा वेगळं काय असतं? वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस त्याच चार महिन्यांत पडतो.

सुरुवातीलाच कसं ओळखायचं?

पान उन्हाकडे धरून बघा. अगदी सुरुवातीला एक-दोन मिलिमीटरचे फिकट पिवळे टिपके दिसतात, मग ते शिरांना समांतर लांब होऊन बारीक रेघा होतात, रेघांचा रंग विटकरी-तपकिरी होतो, मग त्या फुगून होडीच्या आकाराच्या होतात, शेवटी मधे राखाडी सुकलेला भाग, कडेला काळपट रेघ आणि बाहेर पिवळी झालर. असे ठिपके एकमेकांना भिडले की पानाची अख्खी कड जळाल्यासारखी होते, लोक तेव्हा फोटो पाठवतात, पण तोपर्यंत रोगाला कितीतरी आठवडे झालेले असतात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बुरशी पानात शिरते ती पोंगा, म्हणजे नवीन गुंडाळलेलं पान, उलगडत असतानाच्या कोवळ्या पानात, बहुतेक करून खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून, आणि ठिपके दिसतात तोपर्यंत त्याच्यावर आणखी दोन-तीन पानं आलेली असतात. म्हणून ठिपके तुम्हाला वरून तिसऱ्या-चौथ्या पानावर आधी दिसतात, आणि वरची पानं स्वच्छ दिसली तरी ती स्वच्छ असतीलच असं नाही.

पनामा, बंची टॉप आणि करपा ह्यात गोंधळ होतो, फरक काय?

हा गोंधळ महागात पडतो, कारण पनामाच्या झाडावर लोक पानावरचं औषध मारत बसतात.

पनामा मर रोगात पानावर ठिपके नसतात, खालच्या पानांची कड पिवळी होत आत सरकते, मग पान देठाशी मोडून बुंध्याभोवती परकरासारखं लोंबतं, बुंधा बुडाशी उभा फाटतो, आणि आडवा कापला तर आत लालसर-तपकिरी दिसतं. हा जमिनीतून येतो, रसबाळीवर जास्त. असं झाड दिसलं तर ते गड्ड्यासकट काढायचं, जागेवर चुना टाकायचा, आणि त्याच कोयत्याने दुसरं झाड कापायचं नाही.

बंची टॉप विषाणूचा, माव्यामुळे पसरतो, पानं आखूड, उभी, शेंड्याला झुपका झाल्यासारखी, देठावर गडद हिरव्या तुटक रेघा. त्यालाही औषध नाही, आधी मावा मारायचा आणि मग झाड काढून टाकायचं.

पालाश (पोटॅश) कमी पडला तर जुन्या पानाचं टोक आणि कडा नारिंगी-पिवळ्या होऊन पान लवकर मोडतं, ठिपके असे नसतात. आणि कॉर्डाना म्हणून एक आहे त्याचे डाग मोठे, अंडाकृती, आत गोल गोल रेघा आणि कडेला ठसठशीत पिवळी झालर, तो बऱ्याचदा करप्याच्याच मागून येतो, त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

झाडावर पानं किती असायला हवीत? माझ्या केळीला पाच आहेत, चालेल का?

बोंड, म्हणजे केळफूल, यायच्या आधी की नंतर, त्यावर उत्तर आहे, आणि सगळ्या प्रश्नांत मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केळीच्या झाडाला पोटातून बोंड बाहेर आलं की त्यानंतर नवीन पान येत नाही. संपलं. त्या दिवशी झाडावर जेवढी हिरवी पानं आहेत तेवढ्याच पानांवर पुढचे तीन-साडेतीन महिने घड भरायचा असतो. बोंड येण्याआधी पान गेलं तर उबेच्या दिवसांत आठवडा-दहा दिवसांत दुसरं येतं, नुकसान थोडंफार भरून निघतं, पण बोंडानंतर गेलेलं पान गेलंच. म्हणून बोंड बाहेर पडताना निदान आठ चांगली पानं पाहिजेत, दहा असली तर उत्तम, आणि घड उतरवताना पाच-सहा तरी शिल्लक असावीत. पाचच पानांवर बोंड आलं असेल तर घड लहान राहणार, फळं कोनाकोनाची राहणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती वेळेआधीच झाडावर पिकायला लागणार, वरून हिरवी आणि आत मऊ. असा घड बाजारात नेईपर्यंत गळतो.

आता आपल्या गोव्याचं गणित बघा. आपण सगळेच चतुर्थीवर डोळा ठेवून असतो, गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या माटोळीला घड हवा, त्या आठवड्यात म्हापशाच्या बाजारात केळ्याला जो भाव मिळतो तो एरवी मिळत नाही. चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये, म्हणजे बोंड मे-जूनमध्ये पडलेलं असतं, म्हणजेच घड भरण्याचे सगळे महिने नेमके भर पावसातले, करप्याचे, आणि त्या काळात झाडाला नवीन पान एकही येणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेली केळी बरोबर ह्यात सापडते. त्यामुळे चतुर्थीचा घड वाचवायचा तर काम मे महिन्यात करायचं असतं. ऑगस्टमध्ये पंप पाठीवर घेऊन पळणं म्हणजे वरातीमागून घोडं, हे मी स्वतः दोन वर्षं करून बघितलंय, दुसऱ्या वर्षी तर दुकानदाराने दिलेली तीन औषधं एकत्र मिसळून मारली, पैसे गेले, पानंही गेली.

मोजायचं कसं? वरचं पूर्ण उघडलेलं पान एक नंबर, मग खाली मोजत या, आणि ज्या पानावर मधे राखाडी सुकलेले दहा तरी ठिपके पहिल्यांदा दिसतात त्याचा नंबर लिहून ठेवा. हा नंबर आठ-नऊ किंवा त्याहून मोठा असला तर श्वास घ्यायला वेळ आहे, पाच-सहावर आला तर उद्याच कामाला लागा. दर पंधरा दिवसांनी त्याच दहा झाडांवर मोजा, वहीत लिहा, म्हणजे रोग चढतोय की थांबलाय ते स्वतःच्या डोळ्यांना दिसतं.

रोगट पानं सगळी कापून टाकायची का?

नाही नाही, इथेच चूक होते. सगळी छाटली तर रोगाने जे केलं असतं तेच तुम्ही केलंत. अर्ध्याहून जास्त पान करपलं असेल तर देठाजवळून कापा, अर्ध्याहून कमी असेल तर नुसता करपलेला तुकडा किंवा टोक कापा आणि हिरवं ठेवा, ते हिरवं झाडाला अजून जेवण देतंय. बोंड पडलेल्या झाडावर तर कोयता अजून जपून.

पण लोंबणारी सुकी पानं मात्र ठेवू नका. झाडावर लटकलेलं करपलेलं पान म्हणजे बीजाणूंचं कोठार, पाऊस पडला की थेंबांबरोबर खालच्या पानांवर आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या बागेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी, एकदा बाग पूर्ण झाडून घ्या, आणि पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी.

कापलेली पानं कुठे टाकू? आम्ही पोफळींच्या मुळात आच्छादन म्हणून घालतो.

घाला, हरकत नाही. जमिनीवर पडलेलं पान लवकर कुजतं आणि बुरशीचा जोर लवकर संपतो, झाडावर लटकलेलं जास्त दिवस बीजाणू सोडतं. फक्त पसरून टाकण्यापेक्षा एकावर एक ढीग करा, म्हणजे वरचा थरच तेवढा उघडा राहतो, आणि जमलं तर त्यावर माती किंवा शेण. जाळत बसू नका, पावसात जळतही नाही आणि सेंद्रिय माल फुकट जातो.

पाऊस थांबतच नाही, मग फवारणार कधी?

पहिली फवारणी पाऊस यायच्या आधी, साफसफाई झाल्यावर लगेच, मेच्या शेवटी. पुढे जून-जुलैत जेव्हा केव्हा उघाडी मिळेल तेव्हा. फवारल्यावर निदान तीन-चार तास कोरडे मिळाले पाहिजेत, आत भिनणारं औषध तेवढ्यात पानात जातं, वर बसणारं औषध मात्र धो-धो पावसात धुऊन जातंच, त्यात तुमचा दोष नाही. साधारण 25 ते 30 दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या पुरतात, अर्थात पानं साफ ठेवली असतील तरच. आणि मोजणीत रोग वर चढत नसेल तर उगाच तिसरी मारू नका.

कुठलं औषध, किती?

प्रोपिकोनाझोल 25 टक्के असेल तर लिटरला 1 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. किंवा कार्बेंडाझिम 50 टक्के पावडर लिटरला 1 ग्रॅम. ही दोन्ही आत भिनणारी. मँकोझेब 75 टक्के लिटरला 2.5 ग्रॅम, हे नुसतं वर बसून राखण करणारं, रोग यायच्या आधी उपयोगी, आत शिरलेल्या बुरशीला ते काही करत नाही. म्हणून माझा क्रम असा, पावसाआधी मँकोझेब, ठिपके चढायला लागले की प्रोपिकोनाझोल, त्यानंतरची फवारणी वेगळ्या गटातल्या औषधाची. एकच आत भिनणारं औषध लागोपाठ मारत राहिलं की बुरशी त्याला सरावते, जगभरच्या केळीच्या बागांत हे झालेलं आहे, तेव्हा आलटून पालटून. डबीवर केळीचं आणि करप्याचं नाव आहे का आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं ते वाचून घ्या, डबीवर जे लिहिलंय ते माझ्यापेक्षा वरचं.

केळीच्या पानावर मेण असतं, पाणी थेंब होऊन घसरतं, म्हणून औषध पानाला चिकटवणारा स्टिकर घालावाच लागतो. फवारणीचं खनिज तेल मिळालं तर लिटरला 10 मिली, ते औषध पसरवतं आणि स्वतःही पानातल्या बुरशीला मंद करतं. पण भर दुपारच्या उन्हात तेल मारू नका, पान भाजतं, आणि क्लोरोथॅलोनिल ह्या दुसऱ्या बुरशीनाशकाबरोबर तेल कधीही नाही.

नॉझल खालून वर धरा. पानाच्या खालच्या बाजूला आणि वरच्या कोवळ्या पानांना औषध लागलं पाहिजे, वाटेवरून चालत खालच्या म्हाताऱ्या पानांवर फुस्स मारून काही होत नाही. तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगभर कपडे. आणि कुळागरातून व्हाळ (ओढा) वाहतो तिथे पंप धुवू नका, ही औषधं माशांना विषारी आहेत आणि खाली कुणाची तरी विहीर असते.

सुपारीच्या कोळेरोगाला आम्ही बोर्डो मारतोच, तेच केळीला मारलं तर?

चालतं. 1930 च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मोठ्या बागांनी करप्यासाठी बोर्डोच वापरलं होतं. पोफळीवर मारताना खालच्या केळीवर पडतंच, फक्त ते वरून पडतं आणि पानाची खालची बाजू कोरडी राहते, म्हणून केळीला वेगळा हात फिरवा. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवायचं, मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, लोखंडी भांडं नको. मग चकचकीत घासलेली लोखंडी सुरी बुडवून बघा, तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला नाहीतर पानं जळतील. त्याच दिवशी संपवा. बोर्डोसुद्धा वर बसणारंच आहे, तेव्हा रोगाच्या आधी.

आम्हाला केमिकल नकोच आहे. मग?

मग कोयता, निचरा, अंतर आणि बोर्डो ह्यांवर भर द्या, घरच्या पाच-पंचवीस केळींसाठी खरंच एवढं पुरतं. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, ते चांगलं आहे पण ते जमिनीचं काम करतं, ते पानावरचा करपा घालवेल ह्या आशेवर बसू नका. पावसाळ्यात रान माजतं ते कापा, एका गड्ड्याला आई, एक मोठं पिल आणि फार तर एक लहान ठेवून बाकीची काढा, दाट रानात वारा फिरत नाही आणि पान दुपारपर्यंत ओलं राहतं.

शेजारच्या कुळागरात करपा कमी आणि माझ्या उघड्यावरच्या जी-नाइनला एवढा का?

दोन कारणं. एक म्हणजे जात, जी-नाइन ही कॅव्हेंडिश घराण्यातली, बसराईसुद्धा त्यातलीच, आणि कॅव्हेंडिश करप्याला फार लवकर बळी पडते. दुसरं कारण सावली. पोफळी आणि माडांच्या सावलीतल्या केळीवर करपा तुलनेने कमी चढतो, रात्री पानावर दव कमी बसतं हे त्याचं एक कारण. घड उघड्यावरच्याएवढा मोठा होत नाही तो भाग वेगळा. आपल्या वाडवडिलांनी केळ पोफळीत घातली ती काही उगाच नाही.

उघड्यावर जी-नाइन लावायची तर 1.8 मीटर बाय 1.8 मीटर अंतर ठेवा, जास्त झाडं बसवायच्या मोहात पडू नका. आणि बागेच्या एका कोपऱ्यात आपल्या जाती ठेवाच, सावरबोंड, साळदाटी, मयड्याची मिंडोळी, तिला 2021 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. ह्या जातींना करपा लागतच नाही असा माझा दावा नाही, पानं त्यांचीही मोजावी लागतात, पण सगळी बाग एकाच जातीची असली की रोग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सहज पोचतो.

खत-पाण्याने फरक पडतो का?

पडतो. आपली जांभ्याची माती आंबट, पालाश धरून ठेवत नाही, पावसात सगळा वाहून जातो, आणि पालाश कमी पडलेलं झाड करप्याला लवकर शरण जातं. म्हणून खत एकदम न घालता थोडं थोडं विभागून, पावसाच्या उघाडीत, शेणखताबरोबर. नुसता युरिया ओतू नका. चर मोकळे करा, बुंध्याशी पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि नवीन पान उशिरा येतं, म्हणजे रोग पुढे आणि झाड मागे.

उन्हाळ्यात स्प्रिंकलर लावणाऱ्यांनी एवढं बघा की पाणी पानांवर पडतंय की बुंध्याशी. संध्याकाळी पानं भिजवून ठेवली तर तुम्ही जानेवारीतसुद्धा बुरशीला पावसाळा दिला. सकाळी द्या, शक्य तर ठिबक.

करपा असलेल्या झाडाची पिलं दुसरीकडे लावली तर रोग जातो का?

करपा पानातच राहतो, गड्ड्यात नाही, तेव्हा पानं छाटून पिल लावायला हरकत नाही. तलवारीसारख्या अरुंद पानांचं पिल घ्या. पण पनामा किंवा बंची टॉप असलेल्या जागेतलं पिल कुणाला फुकटसुद्धा देऊ नका, हे दोन्ही रोग पिलांबरोबरच गावोगाव फिरतात.

घड अर्धा भरलाय आणि तीनच पानं उरलीत, आता?

खरं सांगायचं तर तो घड पूर्ण भरणार नाही. खालच्या एक-दोन बारीक फण्या आणि बोंड कापून टाका म्हणजे उरलेल्या पानांचं बळ वरच्या फण्यांना मिळेल, उन्हाचा चटका बसत असेल तर घड झाका, आणि पिकण्याची वाट न बघता जरा आधीच उतरवून भाजीला किंवा वेफर्सवाल्याला द्या. आणि मग त्याच गड्ड्याच्या पिलाकडे लक्ष द्या, त्याची पानं आत्तापासून मोजा.

चतुर्थीला ठिपके पडलेल्या पानावर जेवलं तर काही होतं का? आणि अशा झाडाची केळी?

काही होत नाही, ही बुरशी केळीची आहे, माणसाला लागत नाही. केळीसुद्धा खुशाल खा. पण फवारलेलं पान जेवायला घेऊ नका. आमच्याकडे चतुर्थीच्या पानांसाठी घरामागच्या चार केळी वेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्यांच्याकडे पंप जातच नाही, तिथे फक्त कोयता.

खात्री करून घ्यायची तर कुणाला दाखवू?

तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात, किंवा जुने गोवे इथल्या एला भागात, तिथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र दोन्ही आहेत. जाताना पूर्ण सुकलेलं पान नेऊ नका, त्यावर काही कळत नाही. नुकत्या रेघा पडलेला एक तुकडा आणि राखाडी ठिपक्यांचा एक तुकडा असे दोन घ्या, प्लास्टिकमध्ये न घालता कागदात गुंडाळा, पिशवीत घाम येऊन पान कुजतं, आणि कितव्या पानावरून काढलं ते कागदावर लिहा.